चौथ्या रांगेतून दिसणारी काठी

ऑर्व्हिल टेश यांना टाळी वाजवताना मी कधीच पाहिलं नाही. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत एकतीस वर्षं ते मैदानाच्या कडेला काठी धरून उभे असत. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो, नाहीतर तो समोरच्या संघाकडे जातो. कितवा प्रयत्न चालू आहे, तो आकडा काठीच्या टोकाला पालटायचा, एवढंच त्यांचं काम. पण काठीवाल्याने कुणाची बाजू घ्यायची नाही, ओरडायचं नाही, असा दंडकच आहे. इतक्या जवळून त्यांना दिसायच्या त्या फक्त पोटऱ्या आणि उडणारी माती.

सामना त्यांना कळायचा तो घरी जाताना. त्यांची बायको लव्हॉन चौथ्या रांगेत बसायची. पिकअप सुरू झाली की ते विचारायचे, "हं, कसा झाला?" मग घर येईपर्यंत ती सगळा सामना रंगवून सांगायची.

जूनमध्ये लव्हॉन गेली. सप्टेंबरात ऑर्व्हिल पुन्हा काठी घेऊन उभे राहिले. माणूस घराबाहेर तरी पडतोय, म्हणून गावाला बरं वाटलं.

माझा मुलगा कोल्बी त्याच संघात राखीव खेळाडू होता. मागच्या हंगामात त्याच्या डोक्याला मार बसला, तेव्हापासून मी सामना बघतच नाही. बघते तो फक्त त्याच्या पाठीवरचा अठ्ठावन्न आकडा. ऑक्टोबरमधल्या एका थंड शनिवारी चौथ्या रांगेतली लव्हॉनची जागा रिकामी दिसली. तिथून संघाचा बाक जवळ होता. मी जाऊन बसले. डोक्यावर लाल लोकरी टोपी होती. आमच्याकडे ती घरोघरी असते. लव्हॉनचीही होती.

शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही तीन गुणांनी मागे होतो. तिसरा प्रयत्न संपला आणि ऑर्व्हिलनी मागे वळून, बाकापाशी उभ्या पोरांच्या फटीतून वर पाहिलं. थेट माझ्याकडे. पाहतच राहिले. काठीवर तीनच राहिला. आमच्या संघातल्या चेंडू हाताळणाऱ्या पोराने तो आकडा पाहिला, अजून एक प्रयत्न हातात आहे असं समजून घड्याळ थांबवायला चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. तो चौथा होता. चेंडू समोरच्यांकडे गेला, सामनाही गेला.

सोमवारी कॅफेत ड्वेनने हाक मारली. बियाण्यांचं दुकान आहे त्याचं. मैदानाच्या कडेला काठी आणि यार्ड मोजायची साखळी धरणाऱ्यांचा मुकादमही तोच. "काय ऑर्व्हिल, अंडी किती सांगू? तीन की चार?"

सगळे हसले. ऑर्व्हिलही हसले. मग बाहेर जाऊन गाडीतून काठीवाल्याचं पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आणलं आणि ड्वेनच्या बशीशेजारी ठेवलं.

"अरे बाबा, गंमत केली! आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना राहिलाय, काठी कोण धरणार?"

"ज्याला चारपर्यंत मोजता येतं तो."

त्या काठीशिवाय त्या माणसाकडे काय उरलं होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला जरा जास्तच ठाऊक होतं. डब्यात राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल घेऊन मी त्यांच्या दारात गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "त्या दिवशी तिथे मी बसले होते. चूक माझी आहे."

"मला दिसलीस की, पोरी. तू आहेस हेही कळलं होतं."

"मग?"

"वाटलं, कुणीतरी बसलंय. आज विचारता येईल." त्यांनी डबा घेतला. "सांग ना, कसा झाला होता?"

मी अठ्ठावन्न सोडून काहीच पाहिलं नव्हतं.

"जाकीट ड्वेनने ठेवलंय अजून," मी म्हटलं. "या ना शनिवारी."

"येतो. पण काठी नको. तिच्या जागेवर बसून बघू दे एकदा."

शनिवारी ते माझ्या शेजारी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. काठी ड्वेनच्या जावयाकडे होती. पाचेक मिनिटांनी ते पुटपुटले, "इथून तर काहीच दिसत नाही."

खरंच होतं. बाकापाशी उभ्या पोरांच्या पाठींनी सगळं मैदान झाकलं होतं.

"मग ती मला सांगायची ते?"

"कानाला रेडिओ असायचा त्यांच्या," मी म्हटलं.

"मला वाटायचं गाणी ऐकते."

त्या पाठींच्या वर एकच वस्तू दिसत होती, काठीचं टोक. ऑर्व्हिल सामना संपेपर्यंत तेवढंच पाहत राहिले. आकडा पालटायला उशीर झाला की त्यांचं मनगट आपोआप वळायचं.

आम्ही जिंकलो. कोल्बी दोनदा मैदानात गेला. दोन्ही वेळा मी डोळे मिटले. बाहेर ड्वेन जाकीट घेऊन ऑर्व्हिलच्या पिकअपच्या खिडकीशी आला. "पुढच्या वर्षी?"

ऑर्व्हिलनी नाही अशी मान हलवली. "मागे वळून बघायची खोड आहे रे मला. ती जाणार नाही."

ड्वेन गेला. इंजिन चालू होतं, पण गाडी हलेना. शेजारची सीट रिकामी होती. मी चार पावलं तिकडे टाकलीही. तेवढ्यात कोल्बी लंगडत आला. "आई, चल ना, घोटा दुखतोय."

मी त्याच्याकडे वळले.