थोआताईचे तीन उंचवटे

३ एप्रिल २०१७ रोजी व्हिएतनाममधल्या कान थो शहरातल्या संशोधन केंद्रात ९२,५०,००० डोंगचा एसी बसला, आणि महिन्याभरात थोआताईच्या हाताचं नाव खराब झालं.

थोआताई भातगिरणीवाल्याची मुलगी. शाळा आठवीपर्यंत. पण एकोणीस वर्षं ती या केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून सिलिका काढत होती. साबणाच्या जातीची एक पूड पाण्यात विरघळली, की डोळ्यांना न दिसणाऱ्या कांड्या बनतात. त्यांच्याभोवती सिलिका धरते. मग भट्टीत पूड जाळून टाकली, की मधाच्या पोळ्यासारखी भोकं उरतात. रचना नीट असली तर क्ष-किरणांच्या आलेखावर तीन उंचवटे दिसतात. थोआताईच्या मालाला ते कधी चुकले नव्हते. आता सलग तीनदा एकच उंचवटा आला, तोही बसका.

"आणखी एकदा बघू," केंद्रप्रमुख डॉ. सांग म्हणाले. "नाही जमलं तर काम दुसऱ्या केंद्राकडे जाईल, ताई."

"राख नीट धुतली नसणार," संशोधक दिएम हसली. "ताईंचे हात थकले आता."

"तुझ्या वजनाएवढी राख मी एका आठवड्यात धुते, पोरी."

दुसऱ्या दिवशी ती दिएमशेजारीच उभी राहिली. दिएमनं आदल्या संध्याकाळी पूड विरघळवून ठेवलेली बाटली उचलली, वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि तळाचा पांढरा थर तसाच ठेवला.

"ते का सोडलंस?"

"गाळ आहे, ताई. तुमच्या राखेचा."

"राख अजून घातलीय कुठे यात?"

 थोआताईनं बाटली कोमट पाण्यात धरली. पांढरं सगळं विरघळून गेलं.

"खोबरेल थिजतं ना गारठ्यात? तसंच हे. एसी नव्हता तेव्हा खोलीत उकाडा असायचा, म्हणून कधी थिजलं नाही. अर्धी पूड तू रोज मोरीत ओततेस."

मग तिनं सगळी बाटली कोमट असतानाच घेतली, राखेचं पाणी थेंब थेंब सोडलं, आणि भट्टी मिनिटाला एक अंश अशीच चढवली.

आठवड्यानं आलेख आला. तीन उंचवटे, तिसराही उठावदार. डॉ. सांग यांनी त्याखाली थोआताईचं पूर्ण नाव लिहिलं.

"मोठ्या अक्षरात लिहा," ती म्हणाली. "गिरणीत लावायचंय."

या वेळचा माल धुताना मात्र अल्कोहोल कमी पडलं होतं. शेजारच्या प्रयोगशाळेकडून उसनं आणलेलं अर्धा लिटर अजून परत द्यायचं होतं.