दुसऱ्या वर्गाची सरासरी

स्टाफरूमच्या खिडकीपाशी बसून सुनंदाबाई त्यांच्या वर्गाचे गणिताचे गुण कॅल्क्युलेटरवर चढवत होत्या. आकडा, बटण, आकडा, बटण. नजर बटणांकडे नाहीच. लसूण सोलता सोलता बोलावं तशा त्या माझ्याशी बोलत होत्या. शेवटी एक बटण दाबलं, सरासरी आली. दुसरं दाबलं, प्रमाण विचलन आलं, तेही इवलंसं. म्हणजे त्यांच्या वर्गात कुणी फार मागे पडलेलं नाही. मी जळते ती या इवल्याशा आकड्यावर. सरासरी काय, चार हुशार मुलंही वर ओढतात.

त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मी माझ्या वर्गाचे गुण एकेक आकडा पुन्हा पुन्हा बघत घातले. सरासरी बघितली आणि मनातल्या मनात सुखावले. माझी मुलंही काही कमी नाहीत तर.

"आधीचं पुसलंत ना?" सुनंदाबाईंनी विचारलं.

पुसलं नव्हतं. त्यांच्या वर्गाचे गुण आत तसेच होते आणि माझी मुलं त्यांच्या खांद्यावर चढून उंच दिसत होती.

हेव्याचं असंच असतं. आपलं मोजायला बसावं, तर दुसऱ्याचं आधीच आत भरलेलं असतं. कॅल्क्युलेटरला निदान ते पुसायचं बटण तरी आहे. मी ते दाबलं आणि सगळे गुण पुन्हा घातले. सरासरी खाली उतरली.

"किती आली?" त्यांनी सहज विचारलं.

मी आकड्यावर तळहात ठेवला. म्हटलं, "अजून व्हायचंय."