चढावरची तपासणी

युसूफभाई बिघडलेली गाडी गॅरेजमध्ये तपासत नसत. गिऱ्हाइकाने येताक्षणी बॉनेट उघडलं तर ते आधी बंद करायला लावत, स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसत आणि विचारत, "कुठं बंद पडते?" वरंधा घाटाच्या चढावर, असं उत्तर आलं की म्हणत, "चला मग वरंध्याला." महाडात हायवेला गॅरेजं काही कमी नव्हती, घाईची माणसं तिकडे जात. युसूफभाईंकडे यायचं तर अर्धा दिवस मोकळा ठेवूनच यावं लागे.

"जिथं रडते तिथंच तिला बघायचं, डॉक्टर," ते मला सांगत. "सावलीत उभी केली की सगळ्याच शहाण्या." हे मी पंचवीस-तीस वेळा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी हसून मान डोलावली असेल. पोलादपूरला माझा दवाखाना आहे. दुखणं ओळखणं हा माझाही धंदा. ते वाक्य मी एकदा, फक्त एकदा, माझ्या टेबलावर झोपलेल्या युसूफभाईंना लावलं असतं, तर ते आज असते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला कुठे लपता येणार नाही.

माणूस उंच, काटकुळा. डोक्यावरची पांढरी टोपी रोज धुतलेली, आणि रोज दुपारपर्यंत तिच्यावर ऑइलचा एक अंगठा उमटलेला. सौदीत अकरा वर्षं एका वर्कशॉपमध्ये काढून ते महाडजवळच्या दासगावला घरी परतले होते. माणसांशी बोलताना शब्द मोजून वापरत, गाड्यांशी मात्र घरच्यासारखं बोलत. बॉनेटवर हात ठेवून "काय गो बाय, कुठं दुखतंय?" असं विचारताना त्यांना कुणाची लाज वाटत नसे. मी एकदा थट्टेने म्हटलं, की माझे पेशंट निदान उत्तर तरी देतात. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "देतात ना. पण तुम्ही ऐकता कुठं? तुम्ही लिहीत असता." मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो.

आमची खरी गट्टी जमली ती माझ्या पहिल्या पेट्रोल गाडीमुळे. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि आमच्या भागात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या. दर बुधवारी मी कशेडी घाटातल्या एका गावात पेशंट बघायला जाई. गाडी सपाटीला पाण्यासारखी चाले आणि घाटात ठरावीक वळणं चढली की मुकाट बंद पडे. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होई. एकदा अडलेल्या बाळंतिणीकडे मी वाळूच्या ट्रकमध्ये बसून पोचलो. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने दोनदा मशीन लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा छापील कागद हातात दिला, की दोष आढळला नाही.

युसूफभाईंनी तो कागद घडी घालून मला परत केला. "कागद खोटा नाय," ते म्हणाले. "त्यांनी बघितली तेव्हा बरीच असेल ती."

आम्ही घाटात गेलो. नेहमीच्या वळणावर गाडी बंद पडली, तसा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मला चावी फिरवायला लावली आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. चावी फिरवली की इंजिनाचा एक पिवळा दिवा लागतो, तो लागलाच नव्हता. प्लगला ठिणगी नव्हती, पेट्रोलचा पंपही गप्प होता. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यांनी एक चपटी ॲल्युमिनियमची डबी मोकळी केली. तिला ईसीएम म्हणतात. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं तीच ठरवते. टेस्टलॅम्प लावून त्यांनी मला दाखवलं, की डबीपर्यंत करंट पोचतोय, अर्थिंगची वायरही ठीक आहे. म्हणजे दुखणं डबीच्या पोटातच होतं. तापली की आतला एखादा सोल्डरचा टाका सुटतो आणि निवली की पुन्हा टेकतो, असा त्यांचा अंदाज होता.

पण अंदाजावर ते थांबणारे नव्हते. रस्त्याखाली एक झरा होता. माझ्या बॅगेतलं बँडेजचं कापड घेऊन ते उतरले, ओलं करून वर आले आणि चांगलं पिळून त्यांनी ते डबीच्या पाठीवर ठेवलं, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं. दोन मिनिटांत पिवळा दिवा लागला आणि गाडी सुरू झाली. एवढ्यावर कुणीही खूश झालं असतं. युसूफभाईंनी मात्र तीच चढण तीन वेळा करायला लावली. तीनदा गाडी बंद पडली आणि तीनदा ते झऱ्यावर उतरले.

तिसऱ्यांदा वर येताना ते मध्येच थांबले. डावा हात छातीवर, नजर जमिनीकडे. मी विचारलं तर म्हणाले, "गॅस हाय. दम घेतो जरा." मी पाहिलं होतं. पाहून मी घड्याळाकडे बघितलं, कारण गावात पेशंट खोळंबले होते.

त्याच नंबरची डबी त्यांनी मुंबईहून, अपघातात गेलेल्या एका गाडीतली, शोधून आणली. आधी बॅटरीची वायर काढली, मग डबी बदलली. गाडी सुरू झाल्यावर मी लगेच गिअर टाकायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा. नव्या घरात आलीय ती, वळख व्हऊ दे." दहा मिनिटं आम्ही दोघं नुसते त्या इंजिनाचा आवाज ऐकत बसलो. जुनी डबी त्यांनी माझ्या हातात ठेवली. वरून इतकी स्वच्छ, की नवी म्हणून खपावी. त्यानंतर ती गाडी घाटात कधी बंद पडली नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस युसूफभाई दवाखान्यात आले. तापाची साथ होती, बाक भरलेले होते. मी त्यांना पुढे बोलावलं तर आले नाहीत, आपल्या नंबरने आले. छातीत भरून येतं, म्हणाले. कधी, म्हणून विचारलं. "चढलो की होतं, डॉक्टर. बसलो की काय नाय."

एवढं स्वच्छ आणि नेमकं लक्षण मला आजवर कुठल्या पेशंटने सांगितलेलं नाही. मी त्यांना टेबलावर झोपवलं, पंखा लावला, ईसीजी काढला. पट्टी निर्मळ आली. मला मनापासून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच माझी अक्कल झोपली. पुण्याला पाठवून फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे मनात आलं होतं. पण बाहेर माणसं ताटकळली होती. दिवाळीनंतर बघू, असं म्हणून मी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या, पट्टी त्यांच्या हातात दिली आणि वर विनोद केला, "इंजिन ठणठणीत आहे."

त्यांनी ती पट्टी उजेडाकडे धरून पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी ती जपून घडी करून खिशात ठेवली. "तुम्ही बोललात म्हंजे झालं," ते म्हणाले. सर्व्हिस सेंटरचा कागद ज्याने मानला नाही, त्याने माझा मानला. या गोष्टीचा त्रास मला अजून होतो.

दिवाळीला तीन आठवडे होते. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीच्या चढावर गड बघायला आलेल्या पाहुण्यांची एक जीप बंद पडली होती. युसूफभाई नेहमीप्रमाणे ती जिथे होती तिथेच बघायला गेले. हत्यारांची पेटी घेऊन चढ चढले, वाटेत एका दगडावर टेकले, आणि तिथेच संपले.

मी दासगावला गेलो. ओटीवर माणसं होती. त्यांच्या पत्नी, जैनबभाभी, आतून आल्या, त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली माझी पट्टी होती. युसूफभाई ती गॅरेजमध्ये गाड्यांच्या कागदांबरोबर ठेवत, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कागद चांगला आलता ना, डॉक्टर?"

हो म्हणून सुटता आलं असतं. माझ्याच पेशातले दोघं-तिघं मित्र मला नंतर म्हणाले, की हो म्हणायचं होतंस, पट्टी खरंच चांगली होती. मी सांगितलं, "कागद चांगला होता, भाभी. पण मी त्यांना झोपवून तपासलं. त्यांचं दुखणं चढावरचं होतं. चूक माझी आहे."

भाभींनी पिशवीची कड बोटांनी सारखी केली.

"त्यांनी तुमाला सांगितलेलं? चढल्यावर होतं म्हणून?"

"सांगितलं होतं."

"म्हंजे त्यांनी बरोबर वळखलेलं," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ती पिशवी मला न देता परत आत नेली.