सर काठीवर रेलले तो दिवस

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मला सर्व्हेच्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. काम काय, तर काठी धरायची. एकात एक सरकणारी, दोन मीटरपर्यंत उंच होणारी ही काठी. तिच्या डोक्यावर पालथ्या वाडग्यासारखं जीपीएस. आई म्हणाली, "काठीच धरायची होती तर शेळ्या राखल्या असत्यास, फी तरी वाचली असती." तिला सांगून उपयोग नव्हता. तिचं बरोबरच होतं.

माझे सर म्हणजे ऑफिसचे मालक. ज्ञान भरपूर, पोट त्याहून भरपूर. उपग्रहांबद्दल ते असं बोलायचे, की जणू सगळे त्यांच्याच गल्लीत वाढलेत.

एकदा अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम निघालं. एका टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकात पाऊस पडला की तळं साचायचं. गटार समोरच्या रस्त्याकडे काढायचं की मागच्या ओढ्याकडे, हे आम्ही ठरवायचं होतं. सकाळी फाटकापासून मोजायला सुरुवात केली. काठीचा तळ जमिनीवर टेकवायचा, ती सरळ धरायची, बटण दाबायचं. काठी दोन मीटर आहे हे यंत्राला आधीच सांगितलेलं असतं. ते बिचारं त्यावर विश्वास ठेवतं.

दोन-तीन ठिकाणं झाली आणि सरांच्या साडूंचा फोन आला. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात बासुंदी ठेवायची की श्रीखंड, हा प्रश्न होता. सरांनी माझ्या हातातली काठी घेतली, तिच्यावर दोन्ही हातांनी रेलले आणि बासुंदीची बाजू मांडू लागले. बराच वेळ मांडली. मग काठी मला परत दिली आणि आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत मोजत गेलो.

दुपारी सरांनी आकडे बघून जाहीर केलं, "उतार रस्त्याकडे आहे. गटार इकडे."

टॉवेलच्या घड्या घालणारी, जवळच्या कुंभारी गावची एक मावशी फाटकात डबा खात बसली होती. ती म्हणाली, "तिकडं कसं जाईल? पाणी तिकडनंच हिकडं येतंय की."

"मावशी, हे उपग्रह सांगतोय."

"त्यो कुटं ऱ्हातो? मी हितं धा वरसं चपला हातात घिऊन येती."

सर हसले. मावशी हसली नाही. उठली, नळाखालची बादली उचलली आणि फाटकापासून वीस पावलं रस्त्याकडे जाऊन ओतली. पाणी क्षणभर थबकलं, मग वळलं आणि सरळ सरांच्या बुटांकडे आलं.

मी टेप काढून काठी मोजली. सोळा सेंटिमीटर कमी भरली. नळ्या आवळून धरणारा तिचा पेच झिजलेला होता. वजन पडल्यावर आतली नळी खाली सरकली होती, आणि त्यानंतरची प्रत्येक जागा आम्ही सोळा सेंटिमीटर खोल दाखवली होती.

"पेच जुना झालाय," सर म्हणाले.

"जुना आहेच, सर. पण तुम्ही रेलला होता."

हे मी कसं बोलले, कोण जाणे. तोंडातून गेलं खरं. सर बुटांवरचं पाणी झटकू लागले. मावशी म्हणाली, "काटी हाय ती सायेब, भिंत न्हाय."

खरं तर दर जागेला टेप लावून बघणं माझं काम होतं, आणि सकाळपासून मी एकदाही बघितलं नव्हतं. हे मी तेव्हा सांगितलं नाही. सरांवर सगळं ढकलणं इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही.

उन्हात सगळं पुन्हा मोजलं. दर जागेला टेप लावला. सर लांब लिंबाच्या सावलीत उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. या वेळी रस्ता फाटकापेक्षा उंच निघाला, आणि ओढा बराच खाली.

गटार ओढ्याकडेच झालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले तेव्हा पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. फाटकात चिखल होता, तळं नव्हतं. मावशीला विचारलं, "आता बरं आहे ना?"

"व्हय," ती म्हणाली, "पर आता वास लई मारतंय."

आमच्या अहवालात सरांनी लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव फेरमोजणी करण्यात आली.' त्याखाली माझीही सही आहे.