पाय लागला तेव्हा
लंडनजवळच्या वॉटफर्डच्या गार्डन सेंटरमध्ये परवा कोरड्या मातीची गोण फुटली आणि नाकात तोच वास शिरला. काही वर्षांपूर्वी इथल्याच गावाबाहेरच्या शेतात असलीच माती उधळून ॲरिझोना उभं केलं होतं. अपाची या अमेरिकेतल्या आदिवासींच्या एका पुढाऱ्यावरचा वेस्टर्न सिनेमा होता, मुलीची कॉस्च्यूममधली पहिलीच नोकरी होती, आणि एक्स्ट्रा कमी पडले म्हणून तिने मलाच ओढून नेलं. मी सैन्याचा वाटाड्या. बेड्या घातलेल्या पुढाऱ्याला बुटाने ढकलायचं, एवढंच काम. पण तो नट माझ्या वडिलांच्या वयाचा. पाय लागताच माझा हात लहानपणच्या सवयीने त्याच्या खांद्याला लागून छातीशी गेला. दुसऱ्या टेकलाही तेच झालं. ऊन उतरत होतं, दिग्दर्शक सारखा घड्याळ बघत होता. कॉलर नीट करायच्या निमित्ताने मुलगी जवळ आली. "बाबा, प्लीज, हात खाली ठेव. सगळे माझ्याकडे बघतायत." तिसऱ्या वेळी मी बंदूक दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ढकललं, जरा जोरातच. म्हातारा धुळीत आडवा झाला. टेक ओके झाला, सिनेमात तोच आहे. घरी कोणी तो लावला की मी चहा टाकायला उठतो, आणि किचनमध्ये एकटाच नमस्कार करून घेतो.