ब्लाउज वर, स्कर्ट खाली

बुधवार, ७ डिसेंबर २०१६. पहाटेपासून हरमटान वाऱ्याची धूळ, मिशनचा मनोरा दिसत नाही. साडेपाचला रांगेत उभी राहिले. पुढे मासळीबाजाराच्या बायका. त्यांनी रात्रीच दगड ठेवून जागा धरल्या होत्या. देदेई येऊन सगळ्यांना हात करून गेली. सकाळी तिने काही खाल्ले नाही. सात वाजता मतदान सुरू. माझी दोन्ही मते देऊन झाली. करंगळीची शाई साबणाने निघत नाही.

एवढे लिहून आन्टी ओयोंनी पेनला टोपण लावले आणि मतदान केंद्रासमोरच्या कडुलिंबाखाली बाकावर बसल्या. वही त्यांच्या पिशवीत असेच. कॉन्व्हेंटातल्या नन्सनी लावलेली सवय होती ती: जे घडले ते वहीत, जे वाटले ते कन्फेशनला. त्यामुळे त्या सकाळी त्यांच्या मनात काय चालले होते त्याचा वहीत एक शब्दही नव्हता.

मनात चालले होते ते एवढेच, की देदेई राहणार की जाणार.

देदेई त्यांची एकुलती एक मुलगी, पेशाने नर्स, आणि घानातल्या ओन्याशी मतदारसंघातून संसदेची अपक्ष उमेदवार. निवडून आली तर इथेच राहणार होती. हरली तर इंग्लंडला जाणार होती; तिथल्या एका इस्पितळात तिची जागा पक्की झालेली होती. "तूही चल, अवो," ती आईला म्हणाली होती. आन्टी ओयो म्हणाल्या, "आणि तुझ्या बापाला इथं एकट्याला ठेवू?" बाप म्हणजे एबेनेझर. ते मिशनच्या दफनभूमीत होते आणि दर पावसाळ्यात त्यांच्या अंगावरूनही नाल्याचे पाणी जात होते.

ओन्याशीच्या नाल्याची आणि इथल्या खासदारकीची कुंडली एकच. १९६९ साली पहिल्यांदा मत मागायला आला तो वकील. काळा कोट घालून नाल्याच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, हा नाला मी सिमेंटने बांधून काढीन. एबेनेझर तेव्हा औषधांच्या दुकानात नुकते लागले होते. ते टाळ्या वाजवून हात लाल करून घरी आले. वकिलाने कागदपत्रे करायला घेतली तोवर लष्कराने संसदच बंद केली. मग १९७९चा कंत्राटदार. तो बोलका नव्हता. त्याने खरोखरच सिमेंटचे मोठाले पाइप आणून रस्त्याकडेला टाकले. पाइप पुरायच्या आत पुन्हा लष्कर आले. त्या पाइपांत बकऱ्या व्यायल्या आणि एका वेल्डरने संसार थाटला. त्याच्या थोरल्या मुलाचे बारसे पाइपातच झाले, आन्टी ओयो स्वतः जेवून आल्या होत्या.

१९९२ला विरोधकांचा बहिष्कार. उभा राहिला तो निवडून आला. त्या गृहस्थाला ओन्याशीचा रस्ताच ठाऊक नव्हता. आभार मानायला आला तो भलत्याच वस्तीत भाषण करून परत गेला. त्या वस्तीतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या म्हणे. पुढे शहर वाढत वाढत इथवर आले, भाताच्या खाचरात बंगले उठले, आणि २००४ला मतदारसंघाची वाटणी झाली. रेघ नेमकी नाल्याच्या मधोमध गेली. मग अलीकडचा खासदार म्हणे नाला पलीकडच्यांचा, पलीकडचा म्हणे अलीकडच्यांचा.

"पूर्वी या नाल्याला एकच बाप होता, तो नालायक होता," एबेनेझर म्हणाले. "आता दोन आहेत, आणि पोर अनाथ."

त्यांना दमा होता. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये नाला घरात शिरला. पलंग पाण्याखाली गेला म्हणून देदेईने बापाला जेवणाच्या टेबलावर झोपवले. तोंडात मारायचा पंप संपत आला होता. गल्लीत छातीभर पाणी, टॅक्सीवाले हमरस्त्यावरूनच मान हलवत होते. माय-लेकी दोन बाजूंनी हात धरून उभ्या राहिल्या. उजाडायच्या आत टेबलावरच सगळे संपले.

देदेई रडली नाही. महिनाभराने म्हणाली, "अवो, मी उभी राहणार."

आधी ती पक्षाकडे गेली. पक्षाच्या प्रतिनिधींनी तिच्या हातचा फान्टा प्यायला, तिच्या बापाची आठवण काढून डोळे पुसले, आणि विद्यमान खासदार ऑनरेबल व्हिडा या बाईंनी वाटलेले टीव्ही घरी नेऊन उमेदवारीचे मत त्यांना दिले. देदेई अपक्ष उभी राहिली, त्याच दिवशी पक्षाने तिला काढून टाकले. खासदारकीच्या मतपत्रिकेवर पक्षांचे उमेदवार आधी, अपक्ष शेवटी. ऑनरेबल व्हिडा सगळ्यात वर. मधे चार पुरुष. देदेई तळाला.

खरी अडचण मासळीबाजाराची होती. तिथल्या बायका पक्षाच्या कट्टर. त्यांच्या म्होरक्या मान्ये शोर्मे. धिप्पाड बाई, आवाज असा की भरतीलाही थांबावेसे वाटेल. देदेई त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"पक्ष सोड म्हणू नकोस, पोरी," मान्ये शोर्मे माशांची खवले काढता काढता म्हणाल्या. "नवरा सोडला मी, दोन सोडले. पक्ष नाही."

"पक्ष ठेवा ना, मान्ये. राष्ट्राध्यक्षाचं मत पक्षालाच द्या. खासदाराचं तेवढं मला द्या."

"म्हणजे स्कर्ट-ब्लाउज!"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. एका पक्षाचा राष्ट्राध्यक्ष आणि दुसऱ्याचा खासदार असे मत दिले की घानात त्याला स्कर्ट-ब्लाउज म्हणतात. एका कापडाचा जोड मोडून दोन कापडे अंगावर चढवायची, असे बेंगरूळ काम. पक्षाची माणसे हा शब्द शिवीसारखा वापरतात.

मान्ये शोर्मेंनी सुरी पुसली. मग म्हणाल्या, "तुझ्या बापानं रात्री-अपरात्री दुकान उघडून माझ्या पोरांना औषध दिलंय. काय गं पोरींनो? आयुष्यात एकदा बेंगरूळ दिसलो तर कुठं मरतोय?"

त्या दिवसापासून बाजारात गाणे सुरू झाले. स्कर्ट पक्षाला, ब्लाउज देदेईला! बायकांनी पक्षाच्या कापडाच्या स्कर्टवर देदेईच्या रंगाचे पिवळे ब्लाउज शिवून घेतले. गाण्याला नाच हवा, म्हणून कोणीतरी पुढची ओळ जोडली: ब्लाउज वर, स्कर्ट खाली! 'वर' म्हणताना दोन्ही हात खांद्यांशी, 'खाली' म्हणताना कमरेवर आणि एक ठुमका. पोरासोरांपासून मक्याची केंकी विकणाऱ्यांपर्यंत सगळी ओन्याशी ठुमके मारू लागली. ऑनरेबल व्हिडांची माणसे गाडीतून जाताना काचा वर करत. आन्टी ओयोंना पहिल्यांदाच वाटले की पोरगी घरी राहणार. ते त्यांनी फादरनाही सांगितले नव्हते.

आता कडुलिंबाखाली मत देऊन आलेल्या बायका एकेक करून टेकू लागल्या. मान्ये शोर्मे घाम पुसत आल्या आणि बाकावर अशा बसल्या की बाक कण्हला.

"झालं का?" आन्टी ओयोंनी विचारले.

"झालं! ब्लाउज असा चढवलाय, मॅडम, की आता कुणाच्या बापाला उतरवता यायचा नाही."

"नीट बघून दिलंत ना? चष्मा कुठाय तुमचा?"

"चष्मा कशाला? राष्ट्राध्यक्षाच्या कागदावर पक्षाचं चिन्ह मला झोपेत सापडतं. आणि ब्लाउज काय पायात घालतात? खासदाराच्या कागदावर सगळ्यात वर बाईचा फोटो, डोक्याला फडकं बांधलेलं. मारला अंगठा!"

शेजारच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. "वरच. अगदी वर."

 फडके ऑनरेबल व्हिडांच्याही डोक्याला होते.

"शोर्मे," त्या हळूच म्हणाल्या, "देदेई तळाला आहे."

"तळाला कशी असेल? तळाला स्कर्ट."

रांगेत अजून निम्म्याहून जास्त बायका उभ्या होत्या. आन्टी ओयो उठल्या. त्या जवळजवळ धावल्याच. रांगेपाशी जाऊन म्हणाल्या, "बायांनो, ऐका जरा, देदेईचा फोटो..."

"ऑफिसर!" ऑनरेबल व्हिडांचा काळ्या चष्म्यातला प्रतिनिधी ओरडला. "म्हातारी रांगेत प्रचार करतेय! लिहून घ्या!"

केंद्राधिकारी बाहेर आला. तरुण, घामेजलेला, अदबशीर. "मम्मा, रांगेत उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही. मला पोलिसाला बोलवायला लावू नका."

"मी प्रचार करत नाही रे, बाळा. मी एक चूक दुरुस्त करतेय. या बायकांना..."

"चूक करायचा हक्कसुद्धा मतदाराचाच आहे, मम्मा. चला, सावलीत बसा."

जन्मात त्यांनी कुणाचा नियम मोडला नव्हता. त्या रांगेभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर आल्या. पण बसवेना. रांगेतल्या बायका त्यांच्याकडे पाहून हसत होत्या, उमेदवाराची आई म्हणून. एकीने चोरून दोन्ही हात खांद्यांशी नेले: ब्लाउज वर! आन्टी ओयोंनी जोरजोरात मान हलवली आणि दोन्ही हातांनी खाली दाखवले. खाली, खाली. बायका आणखीच खुलल्या. त्यांनीही कमरेवर हात ठेवले, एक ठुमका मारला. हो हो, स्कर्ट खाली! अख्खी रांग मुकाट्याने नाचली, अधिकाऱ्याला कळू न देता, म्हाताऱ्या आईला धीर द्यायला.

त्यांनी देदेईला फोन लावला.

"मला कळलंय, अवो," देदेई म्हणाली. तिच्या मागे गाड्यांचा आवाज होता. "बंदरावरच्या केंद्रावरून येतेय. तिथं एका आजीनं माझा हात धरला आणि म्हणाली, तुला अगदी डोक्यावर बसवलंय बघ."

"मग तिथल्या अधिकाऱ्याला सांग ना."

"काय सांगू? की लोक मनापासून मत देताहेत?"

पाच वाजता दार लावले. टेबल अंगणात ओढले, खासदारकीच्या मतांची पेटी सगळ्यांसमोर उलटी केली. अधिकारी एकेक कागद उलगडून डोक्यावर धरी, चारी बाजूंना फिरवी आणि नाव वाची. लोकांनी एका सुरात आकडा म्हणायचा, अशी इथली पद्धत. बायका ब्लाउज नीटनेटके करून पुढे उभ्या राहिल्या.

"व्हिडा."

"व्हिडा."

"व्हिडा."

कागदाच्या माथ्यावर अंगठे उमटलेले होते. काही थरथरलेले, काही इतके दाबून मारलेले की शाई मागच्या बाजूला फुटली होती. आकडा म्हणणारा सूर पातळ होत गेला. शेवटी फक्त काळ्या चष्म्याचा प्रतिनिधी एकटाच मोजत होता. मधूनच एखादा ठसा तळाला निघे, 'देदेई' म्हटले जाई, आणि बायकांत हालचाल होई.

"कागद बदलले!" मान्ये शोर्मे गरजल्या. "चोरांनो! माझ्या बाजारात शंभर पिवळे ब्लाउज आहेत!"

बायका टेबलावर धावल्या. पोलिसाने काठी आडवी धरली. अधिकारी पेटी पोटाशी घेऊन मागे सरकला. तेवढ्यात देदेई आली. गर्दीने तिला वाट दिली. ती टेबलापाशी गेली, वरचा एक कागद नुसता बघितला, हात लावला नाही.

"काठी खाली घ्या," ती पोलिसाला म्हणाली. मग बायकांकडे वळली. "कागद तुमचेच आहेत. कुणी बदललेले नाहीत. मी तळाला होते."

 मान्ये शोर्मे हात पुढे करून तो कागद डोळ्यांपाशी नेऊन पाहू लागल्या. वरच्या बाईचा चेहरा, खालच्या बाईचा चेहरा, पुन्हा वरचा. एवढ्या मोठ्या बाईचा आवाज एकदम लहान झाला.

"पण ब्लाउज तर वरच असतो ना, पोरी?"

"हो, मान्ये," देदेई म्हणाली. "वरच असतो."

आणि तिने त्यांना जवळ घेतले. मान्ये शोर्मेंनी पिवळ्या ब्लाउजच्या बाहीला डोळे पुसले. अधिकाऱ्याने गुलाबी कागदावर आकडे भरले, प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. दिवेलागणीपर्यंत बंदर, बसस्टँड, जुना बाजार, सगळीकडून फोन आले. जिथे जिथे गाणे पोचले होते तिथे तिथे ऑनरेबल व्हिडा जिंकल्या होत्या.

माय-लेकी चालत घरी आल्या. नाल्यावरच्या फळीवर देदेईने आईचा हात धरला. खाली पाणी जेमतेम घोटाभर होते, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या.

"अवो, मी इंग्लंडच्या इस्पितळाला उद्या कळवते. जानेवारीत बोलावलंय."

"कळव."

"चार वर्षांनी पुन्हा..."

"चार वर्षांनी मी ऐंशीच्या पुढे असेन, देदेई. तुझं तिथलं बस्तान बसेल. बसू दे."

"अजूनही चल ना माझ्याबरोबर."

आन्टी ओयोंनी फळी ओलांडून घराचे कुलूप काढले. घरात शिरताना त्यांचे लक्ष जेवणाच्या टेबलाकडे गेले. जूनमध्ये पाणी आले की त्याच्यावर आपल्याला कोण चढवील, असा विचार आला आणि त्यांनी तो फार वेळ राहू दिला नाही. देदेई ब्लाउज न बदलता आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या.  मग बाहेर येऊन मेणबत्ती लावली, वही उघडली आणि सकाळच्या मजकुराखाली लिहिले:

संध्याकाळी सातला वीज गेली. फ्रीजमधली मासळी काढून मीठ लावून ठेवली.