पाठीचं पोतं, पोटाचं पोतं

आमच्या घरी कातडं वाया जात नाही. खरंच सांगते, बोटाएवढा तुकडा बी नाही! बाबा चपला बनवते, बैलांचे पट्टे बनवते, अन् कापताना खाली जे पडते ते माय गोळा करते. मोठा तुकडा असला तं बैलाच्या मानेले जू घासू नये म्हणून गादी. त्याहून लहान असला तं गोफणीले, नाहीतं दाराले बिजागरी म्हणून ठोकाले. अन् एकदम बारीक चिंध्या पोळ्याच्या गोंड्यात. माही शाळेतली पेनाची पिशवी बी अशीच जोडून जोडून केलेली, प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा. पोरी हसत, अन् मंग हळूच विचारत, तुह्या बाबाले एक आमच्यासाठी सांगतं का?

पण खरी गोष्ट पोत्यांची आहे. आमच्या घरी तुकड्यांचे दोन पोते. एकात जनावराच्या पाठीचं कातडं, दुसऱ्यात पोटाचं. पाठीचं घट्ट असते, पाणी लागलं तरी जागा सोडत नाही. पोटाचं सैल, ओलं झालं का फुगते अन् लोंबते. वाळलेले तुकडे मात्र सारखेच दिसते. म्हणून बाबाचा कायदा एकच: तुकडा पडला का लगेच ज्याच्या त्याच्या पोत्यात. मंग नंतर पाहाचं काम नाही, नुसता हात घालाचा.

हे झालं त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलती. अळीच्या भेवानं जो तो फवारूनच राह्यला होता, दोन-तीन औषधं एकात मिसळून. कपाशी एवढी दाट का वारा आत शिरत नव्हता. शेजारच्या गावचा एक माणूस फवारता फवारताच पडला. त्याले यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तं समोर उभी असलेली बायको त्याले दिसून नव्हती राह्यली, असं एसटीत लोक बोलत होते. माय ते ऐकून घरी आली अन् दादा येईस्तोर दारातच बसली. माहा दादा बी फवारणीच्या मजुरीवरच जात होता ना!

त्याच्या पाठीवरच्या पंपाच्या झाकणातलं रबर औषधानं फुगून तुटलं. राळेगावात दुकानात गेलता, तिथं संपलेलं. अन् रबर नसलं का माणूस जरा वाकला तरी टाकीतलं औषध सरळ पाठीवर. सकाळी दादा पंप घेऊन बाबासमोर उभा.

“बाबा, कातड्याचा वायसर कापून द्या. लवकर. तिकडं ड्रम कालवून ठेवला असन.”

“अबे, चहा तं पिऊ दे.”

“तुमचा चहा होईस्तोर अळ्या बोंडं खाऊन ढेकर देतीन!”

बाबा हसले. कप तसाच ठेवला, पाठीच्या पोत्यात हात घातला, तुकडा काढला, गोल कापला, आतून पुन्हा गोल काढला, तेल चोळलं अन् झाकणात बसवला. दादानं पंपात पाणी भरून तो उलटा करून पाह्यला. थेंब नाही पडला. गेला मोठ्या खुशीत.

उरला तो तुकडा, मधात मोठं भोक असलेला. त्याची चपलेले वादी निघन म्हणून बाबानं तो पाण्याच्या कुंडीत टाकला. थोड्या वेळानं बाबानं तो काढला अन् दोन बोटांनी दाबून पाह्यला. मी भाकर खात होती. पाह्यलं तं बाबाच्या हातात तो तुकडा भिजलेल्या पोळीसारखा लोंबून राह्यला होता.

“अवं,” बाबानं मायले हाक मारली. आवाजच वेगळा. “पोत्याले कोणी हात लावला?”

माय चुलीपासून उठली. “काल पोळ्याचं सारवण होतं, तं बाहेर काढले होते. पाणी आलं, घाईत आत घेताना पोटाचं पोतं फाटलं, सारं सांडलं. पाठीच्याच पोत्यात भरून ठेवलं. म्हटलं निवडू बसून... सांगाचंच राहून गेलं.”

अन् मंग तिनं त्या तुकड्याकडं पाह्यलं. दादाचा वायसर बी त्यातूनच कापलेला.

बाबानं दादाले फोन लावला. फोन आमच्याच घरात वाजला! खुंटीजवळ चार्जिंगले लावून दादा तसाच गेलता.

बाबाले सायकल येत नाही. मी हात न धुता सायकल काढली. मागून बाबा ओरडले, “आधी पंप उतरव म्हणा! बाकी मंग!”

दादा तांड्याकडच्या वावरात गेलता. त्या रस्त्यानं काळी माती चाकात अशी भरली का चाक फिरूनच नाही राह्यलं. सायकल तिथंच फेकली अन् पळाली. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर पोचली तं नुसती कपाशी. माणूस दिसत नाही, पण पंपाच्या दांड्याचा खटक-खटक आवाज येत होता. मी आवाजाच्या दिशेनं आत घुसली.

अन् आवाज थांबला.

“दादा! ओ दादा!”

“कायले बोंबलून राह्यली वं छोरी?” वावरवाले काका ड्रमाजवळून ओरडले. ते तांड्यावरचेच. मी थांबली नाही. फांद्या तोंडावर मारत होत्या. समोर दादा दिसला, उभा, एका हातानं डोळे पुसत.

“काय वं, घर जळलं का?”

“पंप उतरव!”

“अवं येडी—”

“उतरव म्हणते ना!”

त्याच्या सदऱ्याची पाठ ओलीचिंब. म्हणे, घाम आहे. मी नाक जवळ नेलं. “घामाले असा वास येते का रे?” तवा कुठं त्यानं पट्ट्याले हात घातला. पट्ट्याची गाठ सुटेना, मी दातानं ओढाले गेली तं त्यानंच मले मागं ढकललं, “तोंड नको लावू!” अन् ताकदीनं पट्टा तोडला.

काका आले ते भांडाले, पण दादाची पाठ पाह्यली अन् स्वतःच विहिरीवर पळत जाऊन मोटर चालू केली. साबण देल्ली, वाळत घातलेलं आपलं धोतर देल्लं. दादा पाण्याखाली बसला होता तवा बाबा पायी आले, धापा टाकत, चिखलात माखलेले.

“मले पाह्य. मी दिसून राह्यलो का?”

“दिसून राह्यले,” दादा म्हणाला. “हातात काय आहे ते बी दिसून राह्यलं.”

बाबाच्या हातात तो भोकाचा तुकडा तसाच होता.

काकांनी मोटारसायकलवर त्याले राळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दिवसभर ठेवून घेतला, डोळे पाह्यले, छाती पाह्यली, अन् उन्हं उतरता उतरता घरी सोडला. पाठ लाल, डोळ्यांची आग, बाकी ठीक.

घरी मायनं पूर्ण पोतं अंगणात उलटं केलं होतं. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन एकेक तुकडा बुडवे, दाबून पाहे, अन् इकडं नाहीतं तिकडं ठेवे. कोणाकडं पाहे नाही. दादा खाटेवर पालथा पडून तिच्याकडं पाहत होता.

“माय, मले बी बुडवून पाह्य ना वं, मी कोणत्या पोत्यातला आहो ते.”

मायनं ओला तुकडा असा फेकून मारला का सरळ त्याच्या कानावर बसला. “मेल्या!” म्हणे, अन् मंग पदर तोंडाले लावला.

तवा कुठं बाबानं सकाळचा चहा मागितला.